गाडीत रेडिओ सेट बसवताना: बॅटरीपासून सेटपर्यंतच्या दोन वायरी आणि त्यांचे फ्यूज

फ्यूज बसवायचा तो वायरीसाठी. नव्याने परवाना मिळालेल्या हॅमशी, म्हणजे हौशी रेडिओवाल्याशी, गाडीतल्या सेटबद्दल बोलणं निघालं की पहिला बराच वेळ हे पटवण्यात जातो, कारण सेट महागाचा म्हणून फ्यूज, असाच बहुतेकांचा समज असतो. सेट बिघडला तर पैसे जातील. वायर तापून पेटली तर गाडी जाईल, आणि गाडीत माणसं असतात.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून गाडीची बॅटरी लोकांना गरीब वाटते. पण छोट्या गाडीतली ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरीसुद्धा सेल्फ मारताना शंभरावर ॲम्पिअर देते आणि थेट शॉर्ट झाली तर काहीशे. समजा ३०० ॲम्पिअर वाहिले, तर १२ व्होल्टच्या हिशेबाने ३६०० वॅट होतात. त्यातले निम्मे बॅटरीच्या आत खर्च झाले असं धरलं तरी उरलेली उष्णता काही मीटर तारेत उतरते. वरचं प्लॅस्टिक वितळायला काही सेकंद पुरतात, आणि ती तार गालिच्याखालून गेलेली असते.

इथे मी एक नेहमीचं उदाहरण धरतो: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारा ५० वॅटचा व्हीएचएफ सेट, छोटी पेट्रोल गाडी, बॅटरी पुढे बॉनेटखाली आणि सेट डॅशबोर्डजवळ. शंभर वॅटचा एचएफ (कमी फ्रिक्वेन्सीचा, लांब पल्ल्याचा) सेट असेल तर आकडे वाढतील, रीत तीच. सेट बाळगायला आणि वापरायला डब्ल्यूपीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा, परवाना लागतो, हे वाचकाला माहीत आहे असं धरून पुढे जातो.

आधी करंट पाहा

सेटच्या पुस्तिकेत शेवटी तांत्रिक माहितीचा तक्ता असतो. त्यात ट्रान्समिटचा कमाल करंट शोधा. ५० वॅटचे बहुतेक सेट पूर्ण पॉवरला ११ ते १३ ॲम्पिअर ओढतात, १०० वॅटचे एचएफ सेट २० ते २३. नुसतं ऐकत बसलात तर एखाद्या ॲम्पिअरच्या आसपास. ५० वॅट बाहेर पाठवायला दीडशेहून जास्त वॅट आत लागतात. उरलेल्याची उष्णता होते, म्हणून तर सेटच्या पाठीला ते जाड पंखे-पट्ट्यांचं ओतीव धूड असतं.

त्याच तक्त्यात व्होल्टेजही लिहिलेलं असतं, साधारणपणे १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमी-जास्त. म्हणजे खालची मर्यादा ११.७. हा आकडा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

मग वायर

आपल्याकडे वायर स्क्वेअर एमएममध्ये मिळते. तांब्याच्या एक स्क्वेअर एमएम तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम. बॅटरी ते सेट चार मीटर असेल तर करंटला जाऊन-येऊन आठ मीटर चालावं लागतं, हे हमखास विसरलं जातं. १२ ॲम्पिअरला हिशेब असा:

१.५ स्क्वेअर एमएम: सुमारे १.१ व्होल्ट वाटेतच खर्च.
२.५ स्क्वेअर एमएम: सुमारे ०.६५ व्होल्ट.
४ स्क्वेअर एमएम: सुमारे ०.४ व्होल्ट.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्टवर आहे असं धरा. दीडच्या वायरीने सेटला ११.३ मिळतील, म्हणजे मर्यादेच्या खाली. बोलता बोलता आवाज फाटतो, काही सेट तर पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं माइकवरचं बटण) दाबताच बंद पडून पुन्हा चालू होतात आणि माणूस ॲन्टेनात दोष शोधत बसतो. चारच्या वायरीने तोच सेट १२ च्या आसपास राहतो. फ्यूज आणि होल्डर आणखी एखाददुसरा दशांश व्होल्ट खातात, तेही या हिशेबात बसतं. तेव्हा ५० वॅटला ४, आणि १०० वॅटला ६ स्क्वेअर एमएम घ्या. वायर बारीक तारांची, लवचिक हवी. घराच्या भिंतीत घालतात ती जाड तारांची वायर गाडीच्या थरथराटात तुटते.

तांब्याचं वजन पाहून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी कार ऑडिओच्या नावाने सर्रास विकल्या जातात. जाडी तीच दिसते, रोध दीडपटीच्या आसपास असतो. टोक चाकूने खरवडून पाहिलं की आतली पांढुरकी तार दिसते.

फ्यूज किती ॲम्पिअरचा

दोन टोकांच्या मध्ये तो बसला पाहिजे. सेटच्या कमाल करंटपेक्षा मोठा, आणि वायर सुरक्षितपणे वाहू शकते त्यापेक्षा लहान. फ्यूज कायम भरगच्च करंटवर चालवू नये. करंट त्याच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आत राहिला तर बरं. १२ ॲम्पिअरचा सेट, म्हणून १५ चा फ्यूज. १०० वॅटच्या सेटला २५ किंवा ३०.

वायरीच्या बाजूने मी हे आकडे धरतो: २.५ स्क्वेअर एमएमला जास्तीत जास्त १५, ४ ला २५, ६ ला ३०. ते मुद्दाम हात आखडून धरलेले आहेत, कारण मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली मोकळ्या हवेतले तक्ते उपयोगाचे नाहीत.

१५ चा फ्यूज १५ वर तुटत नाही, हेही कळून घ्या. गाडीतल्या नेहमीच्या ब्लेड फ्यूजने त्याच्या आकड्याच्या ११० टक्के करंट शंभर तास सोसावा, आणि दुप्पट करंटला पाच सेकंदांच्या आत तुटावं, अशी त्याची घडण असते. म्हणजे १५ चा फ्यूज १६ ॲम्पिअर बिनतक्रार वाहील. तो अडवतो शॉर्ट सर्किट. सेट हळूहळू बिघडत असेल तर त्याला पत्ता लागत नाही.

मोठा फ्यूज घातल्याने बिघडतं काय? उलट जोडणीचं घ्या. बहुतेक सेटमध्ये आत शिरल्याबरोबर एक डायोड असतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे लागले की तो डायोड शॉर्टसारखा वागतो आणि फ्यूज उडवतो, सेट वाचतो. तिथे १५ ऐवजी ४० चा असेल, किंवा गल्लीतल्या वायरमनने फ्यूजला तांब्याची तार गुंडाळली असेल, तर फ्यूजच्या आधी डायोड जातो आणि मागोमाग बोर्डावरचे ट्रॅक.

ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. नवीन कामाला ब्लेडच घ्या. जुन्या सेटच्या केबलला काचेच्या नळीचे फ्यूज असतात. ते वाईट नाहीत, पण त्यांच्या होल्डरमधली स्प्रिंग काही वर्षांत सैल पडते, सांधा तापतो आणि होल्डरचं प्लॅस्टिक वितळतं. फ्यूज शाबूत आणि होल्डर जळालेला, असं दृश्य दिसलं की दोष बहुधा स्प्रिंगचा असतो. होल्डर घेताना त्यातून आलेल्या शेपटाची जाडी बघा. ३० ॲम्पिअरचा छापा आणि शेपूट दीड स्क्वेअर एमएमचं, असे नग काउंटरवर पडलेले असतात.

फ्यूज कुठे

बॅटरीजवळ. वीतभर अंतरात, त्याहून जवळ जमलं तर आणखी चांगलं. फ्यूजच्या पुढची वायर सुरक्षित आणि मागची, म्हणजे बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा, उघडा. तेव्हा हा तुकडा जितका छोटा तितकं बरं. सेटच्या मागे, डॅशबोर्डखाली फ्यूज बसवला तर मधल्या चार मीटरांना कुणीच वाली नाही. शॉर्ट होण्याच्या जागा नेमक्या तिथेच: इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याची धार, सीटची सरकपट्टी, दाराचा उंबरा.

आणि उंदीर. मुंबई-पुण्यात रस्त्याकडेला गाडी उभी करणाऱ्याला हे सांगायला नको. बॉनेटखालच्या उबेला ते येतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. एका रात्रीत उघडी पडलेली तार पत्र्याला टेकली, तर मधे फ्यूज आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो.

सेटबरोबर आलेल्या केबलचा एक सापळा आहे. तिच्यात लाल आणि काळ्या दोन्ही वायरींवर फ्यूज होल्डर बहुधा असतात, आणि केबल साधारण तीन मीटरची. सेट डिकीत बसवायचा म्हटलं की ती अपुरी पडते. मग लोक बॅटरीकडच्या टोकाला जोड देऊन ती लांबवतात. फ्यूज होते त्या जागीच राहतात आणि जोडलेली नवी वायर फ्यूजच्या मागे जाते, पूर्ण बिनसंरक्षित. जोड द्यायचा असेल तर सेटकडच्या बाजूला द्या. नाहीतर बॅटरीपाशी नवा फ्यूज बसवा: तिथे वायरीच्या मापाचा, ४ स्क्वेअर एमएमला २५ चा, आणि सेटच्या मूळ केबलवरचा १५ चा तसाच राहू द्या. पुढे दुसरा सेट किंवा चार्जर जोडायचा झाला तर हीच मांडणी सोयीची पडते; मोठ्या फ्यूजनंतर छोटा फ्यूज बॉक्स, त्यातून प्रत्येकाला आपापला फ्यूज.

निगेटिव्हला फ्यूज हवा का?

यावर हॅम मंडळी तासन्‌तास भांडू शकतात. माझं मत असं की काळी वायर दुसऱ्या टोकाला कुठे लावली आहे, ते सांगितल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

समजा ती थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावली. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड केबल बॉडीला आणि इंजिनला जाते, आणि सेल्फ मारताना शंभरावर ॲम्पिअर तिच्यातूनच परत येतात. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत त्या केबलचा बोल्ट काही पावसाळ्यांत कळकतो, गंजतो, सैल पडतो. आता चावी फिरवली. सेल्फच्या करंटला बॅटरीकडे परतायचंच आहे, आणि वाट बंद. तो दुसरी वाट शोधतो: इंजिन आणि बॉडी, बॉडीवर घट्ट बसवलेला ॲन्टेनाचा माउंट, तिथून कोअ‍ॅक्स केबलची (ॲन्टेना ते सेट जाणाऱ्या केबलची) बाहेरची जाळी, सेटचं धातूचं अंग, आणि तिथून तुमची ४ स्क्वेअर एमएमची काळी वायर थेट बॅटरीला. लाल वायरीवरच्या फ्यूजला यातलं काही कळत नाही, कारण हा करंट त्याच्यातून जातच नाही. कोअ‍ॅक्सची जाळी आणि काळी वायर दोन्ही तापतात. काळ्या वायरीवर बॅटरीजवळ फ्यूज असला तर तो उडतो आणि प्रकरण मिटतं. निर्माते केबलवर दोन फ्यूज देतात ते याच भीतीने.

आता दुसरी मांडणी. काळी वायर बॅटरीला न नेता बॉडीला लावली, म्हणजे बॅटरीची जाड निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने बसवलेली असते तिथेच. आता सेट त्या सांध्याच्या बॉडीकडच्या बाजूला आला. सांधा सुटला तर सेल्फचा करंट काळ्या वायरीतून बॅटरीपर्यंत पोचूच शकत नाही, कारण ती बॅटरीला गेलेलीच नाही. इथे निगेटिव्ह फ्यूजला काम उरत नाही. असला तर बिघडण्याची एक जागा वाढते, इतकंच.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटी चौकोनी डबी असते. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत तर हमखास. ती बॅटरीतून जाणारा-येणारा करंट मोजते आणि त्यावर चार्जिंग ठरतं. अशा गाडीत काळी वायर टर्मिनलच्या खांबाला लावली की सेटचा करंट मोजलाच जात नाही, आणि गाडीचा बॅटरीचा हिशेब चुकतो. तेव्हा या गाड्यांत बॉडीचाच बोल्ट. खरं तर मी आता नव्या माणसाला सगळ्याच गाड्यांत हेच सुचवतो, मात्र केबल बसते तोच बोल्ट. डॅशबोर्डखाली सापडला तो स्क्रू नको. तिथे रंग असतो, गंज असतो, आणि अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येऊ लागते.

काळ्या वायरीवरचा फ्यूज उडाला तर सेट बंद पडेल असं समजू नका. ॲन्टेनाच्या जाळीतून त्याला बॉडी मिळतेच. सेट चालू राहतो, फक्त खरखर वाढते, ट्रान्समिटला व्होल्टेज पडतं, आणि दहा-बारा ॲम्पिअर त्या बारीक जाळीतून जात राहतात. म्हणून दोन्ही वायरींवर फ्यूज असलेल्या गाडीत आवाज अचानक घाण येऊ लागला तर आधी काळा फ्यूज बाहेर काढून पाहा. आणि फ्यूज फक्त निगेटिव्हवर, पॉझिटिव्ह मोकळी, असं कधीही करू नका. लाल तार पत्र्याला लागली तर तो फ्यूज वाटेतच येत नाही.

कामाचा क्रम

१. गाडी बंद, चावी खिशात. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह सुटलेली असली तर काही होत नाही. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

२. वाट ठरवा. मधल्या पत्र्यात वायरींचा जुडगा जाण्यासाठी रबरी बूच असतं, त्यातूनच वायर काढा. नवं भोक पाडलंच तर रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर घालू नका. एक्झॉस्ट, फिरणारा पट्टा, स्टिअरिंगचा दांडा आणि पेडल यांपासून लांब. खांबांच्या आवरणात एअरबॅग असतात, त्यांच्यावरून वायर नेऊ नका; मागूनच, आणि खात्री नसेल तर दुसरी वाट.

३. लाल आणि काळी वायर शेजारी शेजारी न्या, वर खाचेची लवचिक नळी चढवा, हातभर अंतरावर टाय बांधा. लोंबणारी वायर घासते.

४. टोकांना लग (बोल्टला बसणारं धातूचं कडं) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, तेही क्रिंपिंगच्या पकडीने. साध्या पकडीने चेपलेला लग ओढला की हातात येतो. प्रत्येक लग जोरात ओढून पाहायचाच. नुसतं सोल्डर करून थांबू नका, कारण सोल्डर तारांमध्ये वर चढतं आणि जिथे संपतं तिथे थरथरून तार मोडते. वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी.

५. बॉडीचा बोल्ट काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, लग बसवा, घट्ट आवळा, वरून थोडं ग्रीस.

६. होल्डर बसवा, पण त्यात फ्यूज घालू नका. लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग गाडीची निगेटिव्ह परत जागेवर. होल्डर सील झाकणाचा नसेल तर तोंड खाली करून बांधा, पाणी साचत नाही.

७. सेटकडचा प्लग सुटाच ठेवून मल्टिमीटरने त्याच्या लाल आणि काळ्या पिनांमध्ये रोध मोजा. आकडा शून्याजवळ आला तर वाटेत कुठेतरी शॉर्ट आहे, ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. शॉर्ट नसेल तर फ्यूज घाला, व्होल्ट मोजा, मीटरवरची अधिक-उणे खूण पाहा, लाल पिनेवर पॉझिटिव्ह आहे याची खात्री करा. सेट सगळ्यात शेवटी.

तपासणी

ॲन्टेनाच्या जागी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रोध) लावा. नसेल तर ॲन्टेना लावून मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर, आपला कॉलसाइन सांगून, पूर्ण पॉवरला अर्धा मिनिट ट्रान्समिट करा आणि त्या वेळी सेटच्या प्लगपाशी व्होल्टेज पाहा. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टहून जास्त फरक दिसला तर कुठला तरी सांधा कच्चा आहे. बोटाने होल्डर आणि लग चाचपा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

फ्यूज उडालाच तर त्याच आकड्याचा दुसरा एकदाच घाला. तोही गेला तर कारण शोधा. त्याच आकड्याचे दोन-तीन फ्यूज होल्डरलाच टायने बांधून ठेवा, म्हणजे घाटात रात्री मोठा फ्यूज घालायचा मोह होणार नाही. आणि दर पावसाळ्यानंतर एकदा दोन्ही फ्यूज उपसून पात्यांवर हिरवट कळंक आहे का ते बघा.

सिगारेट लायटरचं काय?

पाच वॅटचा हातातला सेट चार्ज करायला ठीक. ५० वॅटला नको. त्या सॉकेटचा फ्यूज गाडीगणिक १० ते २० ॲम्पिअरचा असतो, तो कंपनीने दिलेल्या बारीक वायरीच्या मापाने ठरवलेला असतो, आणि सॉकेटचा सांधा स्प्रिंगवर टेकलेला. चावीच्या स्विचमागून किंवा हॉर्नच्या फ्यूजवरून चोरकनेक्शन घ्यायचा सल्ला मिळाला तर नमस्कार करून पुढे जा. वॉरंटीतल्या गाडीत काम करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारलेलं बरं, कारण मूळ वायरिंग कापलेलं दिसलं की ते हात वर करतात.

ट्रक, बस आणि विजेवरच्या गाड्या

मोठ्या ट्रक-बसमध्ये बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. सेट १३.८ चा आहे. एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढायची जुनी युक्ती करू नका. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जादा चार्ज होते, आणि दोन्ही लवकर मरतात. २४ वरून १३.८ करणारा कन्व्हर्टर बसवा. फ्यूज दोन ठिकाणी: बॅटरीजवळ २४ च्या बाजूला आणि कन्व्हर्टरनंतर सेटच्या वाटेवर. २४ च्या बाजूला करंट निम्म्याहून थोडा जास्त असतो, म्हणून १२ ॲम्पिअरच्या सेटला तिथे १० चा फ्यूज पुरतो. मात्र त्याच्यावर ३२ व्होल्ट लिहिलेलं पाहा.

इलेक्ट्रिक गाडीतही दिवे-काचांसाठी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते. सेट जोडायचा तो तिला, वरच्याच रीतीने. नारिंगी आवरणाच्या केबल मुख्य बॅटरीच्या उच्च व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या जवळून आपली वायर न्यायची नाही आणि त्यांचा टायही कापायचा नाही. ही १२ व्होल्टची बॅटरी कधी पुढे, कधी डिकीत असते. तिला चार्ज करणारा कन्व्हर्टर गाडी पूर्ण बंद असताना बहुधा झोपलेला असतो, म्हणून उभ्या गाडीत तासभर नेट (अनेक हॅमची हवेवरची ठरलेली बैठक) चालवायचं असेल तर गाडी ‘रेडी’ स्थितीत ठेवा.